‘काम पूर्ण झाल्यावर’: लोहार चाळीतल्या एका सॉफ्टवेअर कंत्राटाचा हिशोब

अठराव्या आठवड्यात दोन्ही बाजूंची तक्रार एकच होती: आमचे पैसे अडकलेत. मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या ठोक व्यापाऱ्याने ३,८५,००० रुपये आणि वर जीएसटी मोजला होता, तरी त्याचे सेल्समन अजून वहीतच ऑर्डर लिहीत होते. ठाण्याच्या चार जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीने ४४८ तासांचं म्हणून घेतलेल्या कामात ८५० तास घातले होते, आणि शेवटचे १,६५,००० रुपये ‘काम पूर्ण झाल्यावर’ या तीन शब्दांमागे अडकले होते.

हे प्रकरण कुठल्या एका दुकानाचं नाही. अशा व्यवहारांत नेहमी जे घडतं ते एकत्र करून, हिशोब दिसावा अशा आकड्यांत मांडलंय. कराचे दर आणि कायद्याच्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत.

दीड पानाचं कोटेशन

दुकान लोहार चाळीत, गोदाम भिवंडीला, वसईपासून पनवेलपर्यंत फिरणारे सहा सेल्समन. शेठना हवं होतं ते असं: फोनवर ऑर्डर घेता यावी, घेतानाच त्या पार्टीची उधारी दिसावी, ऑर्डर गोदामात जावी, माल निघाला की बिल, ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आणि ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा सरकारी कागद) तयार व्हावं आणि सगळं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसावं.

कंपनीने स्क्रीन मोजल्या. २२ स्क्रीन, प्रत्येकी १६ तास, म्हणजे ३५२. टॅलीची जोडणी ४०, टेस्टिंग ४०, बसवणं आणि शिकवणं १६. एकूण ४४८ तास. तासाला १,२०० रुपये दराने ५,३७,६०० झाले, ते गोल करून ५,५०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ९९,०००, म्हणजे ६,४९,०००. मुदत बारा आठवडे, जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून. पैसे ४० टक्के सुरुवातीला, ३० टक्के डेमोला, ३० टक्के काम पूर्ण झाल्यावर.

दर वाजवी होता. डेव्हलपरचा पगार ६५,००० धरा. जागा, लॅपटॉप, वीज, सीएची फी, दोन कामांमधले रिकामे दिवस यांसाठी ३५ टक्के वर, म्हणजे महिन्याला ८७,७५०. महिन्याचे कागदावरचे १७६ तास कधीच विकले जात नाहीत; सुट्या, जुन्या गिऱ्हाइकांचे फोन, नवी कोटेशनं वजा केली की ११५ उरतात. म्हणजे एका तासाचा खर्च ७६३ रुपये. १,२०० मिळाले तर कंपनी चालते. पण ५,५०,००० रुपयांत ८५० तास गेले की तासाला ६४७ पडतात, म्हणजे पदरचे पैसे घालून काम. जे फ्रीलान्सर पगाराला १७६ने भागून दर काढतात, ते पहिल्याच दिवशी तोट्यात असतात, फक्त कळतं उशिरा.

तास गेले कुठे

अठराव्या आठवड्यात नोंदी उघडल्या. स्क्रीनवर ३८० तास, टॅलीवर १४६, मालाच्या यादीची साफसफाई ९२, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल ५८, मध्येच सांगितलेले बदल ८४, टेस्टिंग ३८, भेटी आणि प्रवास ५२. शिकवणं अजून सुरूच झालं नव्हतं.

यातला पहिला आकडा पुन्हा पाहा. स्क्रीनचा अंदाज ३५२ होता, लागले ३८०. चूक फक्त ८ टक्क्यांची. म्हणजे या मंडळींना अंदाज बांधता येत नव्हता असं अजिबात नाही. जे डोळ्यांसमोर होतं ते त्यांनी नीट मोजलं, आणि जे दिसत नव्हतं त्याला ४० तास देऊन मोकळे झाले.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. टॅली दुसऱ्या प्रोग्रामशी एक्सएमएल या माहितीच्या साच्यात बोलते, साधारणपणे संगणकाच्या ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर. पण त्यासाठी तो संगणक चालू हवा, टॅली उघडी हवी आणि योग्य ‘कंपनी’ (टॅलीतली हिशोबाची फाइल) लोड झालेली हवी. दुकान रात्री आठला बंद, संगणकही बंद. साडेआठला वसईत उभ्या सेल्समनला दिसणारी उधारी दुपारची. शिवाय आर्थिक वर्षागणिक डेटा वेगळा केल्यामुळे टॅलीत दोन कंपन्या एकाच वेळी उघड्या असत. मागणीत कंपनीचं नाव लिहिलं नव्हतं, म्हणून उत्तर त्या क्षणी जी कंपनी समोर असेल तिच्यातून येई. एका पार्टीला गेल्या वर्षीची उधारी दाखवून झाली, तिने शेठना फोनवर जे ऐकवलं ते ऐकवलं. पार्टीचं लेजर, म्हणजे खातं, टॅलीतल्या नावाशी जुळलं नाही की व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, आत जात नाही, हा त्रास वेगळाच. यातलं काहीही अवघड नाही. पण प्रत्येकाला दीड-दोन दिवस जातात आणि ४० तासांत असे फार दिवस बसत नाहीत.

मालाची यादी ४,३०० आयटेमची. वायर कुठे कॉइलवर, कुठे मीटरवर. एकच कॉइल ९० मीटरचं, पण ३० मीटर मागणारा इलेक्ट्रिशियन आला की ते कापून देतात आणि टॅलीत ‘०.३३ कॉइल’ अशी नोंद होते. तीन वेळा ०.३३ विकलं की ०.०१ कॉइल शिल्लक राहतं, जे गोदामात कुठेच नसतं. एमसीबी कुठे नगावर, कुठे डब्यावर. तोच स्विच दोन स्पेलिंगांनी दोनदा.

आणि लेस, म्हणजे सूट. या बाजारात ‘चाळीस प्लस पाच’ म्हणजे लिस्ट प्राइसवर आधी ४० टक्के आणि उरलेल्यावर ५ टक्के. १०,०००चा माल ५,७००ला जातो. डेव्हलपरने दोन्हींची बेरीज करून ४५ टक्के लेस लावला. तोच माल ५,५००ला. दर दहा हजारांमागे दोनशे रुपयांचा तोटा. डेमोत हे कुणाला दिसलं नाही, कारण डेमोच्या बिलात एकच लेस होता. दुरुस्त करायला गेल्यावर कळलं की काही पार्ट्यांना तिसरा टप्पाही आहे, रोखीवर आणखी २ टक्के.

‘शेठ, हे कोटेशनमध्ये नव्हतं.’

‘अहो, बिल म्हटलं की लेस आलाच ना! तो काय वेगळा सांगायचा?’

दोघंही बरोबर होते, भांडणाचं मूळ तिथेच होतं. गिऱ्हाइकाला जे श्वासाइतकं सवयीचं असतं ते तो कधीच सांगत नाही. ते विचारून काढणं हे अंदाज बांधणाऱ्याचं काम.

ई-इनव्हॉइसचंही तसंच. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते सक्तीचं आहे; दुकान त्यात बसत होतं. कोटेशनमध्ये मात्र ते ‘बिल प्रिंट’ या स्क्रीनमध्ये गृहीत धरलेलं. ५ कोटींच्या वर एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) सहा अंकी लागतो, यादीत शेकडो आयटेम चार अंकी. आयआरएन (ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक) फक्त २४ तासांत रद्द करता येतो, त्यानंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वळती करणारा कागद). म्हणजे ‘बिल रद्द’ या साध्या बटणामागे दोन वेगळे रस्ते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिलाची मर्यादा १ लाख, राज्याबाहेर ५०,०००. गुजरातेतल्या वापीच्या पार्टीसाठी नियम वेगळा चालवावा लागतो. सरकारी यंत्रणेशी मध्यस्थ सेवेमार्फत बोलायचं तर तिची वार्षिक फी कोण भरणार, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

भेटींचे ५२ तास म्हणजे तेरा भेटी, प्रत्येकी चार तास. ठाण्याहून फास्ट लोकल, सीएसएमटीहून पायी, आणि मग शेठ गल्ल्यावरून मोकळे होईपर्यंत बाकावर बसणं. भेट तासाभराची, दिवस अर्धा गेलेला. मुंबईत समोरासमोरच्या भेटी कोटेशनमध्ये मोजून लिहायच्या असतात: इतक्या फुकट, पुढच्या प्रत्येकीला इतके.

मुदतीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जुलै अधिक बारा आठवडे म्हणजे सप्टेंबर अखेर. मध्ये गणपती, निम्मी टीम कोकणात. पुढे नवरात्र ते दिवाळी हा विजेच्या सामानाचा सीझन, त्यात तपासायला बसायला शेठकडे वेळ असणं शक्यच नव्हतं. कॅलेंडर समोर ठेवलं असतं तर पाच मिनिटांत दिसलं असतं.

न दिसणाऱ्याचा अंदाज

अमेरिकन सॉफ्टवेअर अभियंते बॅरी बोएम यांनी १९८१ साली दाखवलं होतं की नुसती कल्पना हातात असताना केलेला अंदाज खऱ्या खर्चाच्या पाव ते चौपट यात कुठेही पडू शकतो. म्हणून अशा वेळी एकच आकडा देणं धोक्याचं. अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५८च्या सुमारास वापरात आलेली तीन आकड्यांची पद्धत छोट्या कामालाही पुरते: सगळं सुरळीत गेलं तर, बहुधा, आणि वाईटात वाईट. मधल्याला चारने गुणायचं, तिघांची बेरीज करायची, सहाने भागायचं. वाईट आणि चांगला यांच्यातल्या फरकाला सहाने भागलं की वर-खाली किती होईल ते मिळतं.

टॅलीसाठी ४०, ८०, २४० धरले असते तर अंदाज १०० तास, वर-खाली ३३. कंपनीने कोटेशनमध्ये जो ४० लिहिला तो यातला सगळ्यात आशावादी आकडा. मालाच्या यादीसाठी १६, ५०, २०० धरून ६९, वर-खाली ३१. ई-इनव्हॉइससाठी २०, ४०, १२० धरून ५०, वर-खाली १७. तिन्हींची बेरीज २१९. वर-खालीचे आकडे मात्र सरळ मिळवायचे नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढायचं. ते ४८ येतं. अंदाजाच्या वर त्याच्या दुप्पट जागा सोडली तर वरची कड ३१५. प्रत्यक्षात लागले २९६. कोटेशनमध्ये या तिन्हींना मिळून होते ४०.

यात एक मेख आहे. वर्गमूळाची ही रीत तिन्ही कामं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरते. इथे तसं नव्हतं. यादी खराब असली की टॅलीही बिघडते आणि ई-इनव्हॉइसही. तेव्हा ३१५ची कडसुद्धा थोडी ढिलीच ठेवायला हवी होती.

पैसे कशाला बांधले होते

अंदाज तासांत आणि स्क्रीनमध्ये, पैसे मात्र टक्क्यांत आणि प्रसंगांत. आमच्या मते या व्यवहाराची खरी चूक हीच, तासांची नव्हे. डेमो म्हणजे निवडक माहितीवर निवडक स्क्रीन. तो पार पडल्यावर ७० टक्के रक्कम गेली, आणि लेस, टॅली, ई-इनव्हॉइस हा सगळा जोखमीचा भाग उरलेल्या ३० टक्क्यांत कोंबला गेला. तिथून पुढे शेठच्या हातात रक्कम अडवणं एवढंच हत्यार, आणि कंपनीला प्रत्येक जादा तास तोट्याचा, म्हणून तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम पुढे घेतलं. उत्तरं उशिरा यायला लागली. शेठना वाटलं पैसे घेऊन पळाले.

त्यात कंपनीने ‘काम झालं’ असं स्वतःच ठरवून शेवटचं टॅक्स इनव्हॉइस पाठवून दिलं. शेठनी पैसे दिले नाहीत, पण इनव्हॉइस काढलं की जीएसटी देणं लागतं. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कंपनीने २९,७०० रुपये खिशातून भरले. अशा जागी आधी प्रोफॉर्मा (नुसतं मागणीचं बिल) पाठवायचा आणि स्वीकृतीनंतरच टॅक्स इनव्हॉइस. सेवेच्या ॲडव्हान्सवर मात्र पैसे हातात येताच जीएसटी लागतो, तिथे सुटका नाही. दुसऱ्या बाजूने, इनव्हॉइसच्या तारखेपासून १८० दिवसांत रक्कम चुकती केली नाही तर शेठना घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) उलटवावं लागतं. अडवून ठेवणं त्यांनाही फुकट पडत नाही.

टीडीएसवरून, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकरावरून, वेगळी धुसफूस. शेठच्या अकाउंटंटने १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम १९४जे लावून १० टक्के कापले, कंपनीचं म्हणणं तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के. ३,८५,०००वर ३८,५०० की ७,७००, फरक ३०,८००चा. पैसे बुडत नाहीत, पण रिटर्न भरून परत येईपर्यंत छोट्या कंपनीच्या एका माणसाच्या अर्ध्या पगाराची सोय जाते. दर आणि कलम करारातच लिहून टाकावं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे, तेव्हा जुना मसुदा जसाच्या तसा उतरवू नये. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा.

कंपनी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला सूक्ष्म उद्योग होती. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. शिवाय मुदत उलटून ३१ मार्चला रक्कम बाकी असेल तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. फारसं कुणाला माहीत नसलेलं कलम स्वीकृतीचं आहे: सेवा दिल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं मानतात. शेठनी हरकत घेतली होती, पण फोनवर. कंपनीने हे हत्यार उगारलं नाही ते शहाणपणाचं झालं; लोहार चाळीत एका दुकानाशी कोर्टबाजी केली की शेजारच्या चाळीस दुकानांचं काम गेलं.

तोडगा

आठवडाभर काम थांबवलं. जादा तासांची यादी समोर ठेवली आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला: हे आधी कोण सांगू शकलं असतं? टॅलीचे वाढीव तास कंपनीच्या माथी, कारण टॅली कशी चालते हे त्यांनी बघायला हवं होतं. स्क्रीन आणि भेटींचंही त्यांच्याकडेच. मालाच्या यादीचे ९२ तास शेठचे, यादी त्यांची. ई-इनव्हॉइसचे ५८ निम्मे निम्मे, म्हणजे २९. बदलांच्या ८४ तासांपैकी व्हॉट्सॲपवर लेखी सापडले ६१, तेवढेच धरले. एकूण १८२ तास, ९०० रुपये दराने १,६३,८००. कंत्राट ७,१३,८०० वर गेलं. उरलेलं काम ७० तासांचं ठरलं, ते धरून ९२० तासांना तासामागे ७७६ रुपये. खर्चाच्या ७६३पेक्षा तेरा रुपये वर. नफा म्हणावा असा नाही, पण खड्डाही नाही.

द्यायचे ३,२८,८०० रुपये सहा तुकड्यांत पाडले, आणि प्रत्येक तुकड्याला आकड्यांतली परीक्षा लावली. लेस आणि बिल ८०,०००: गेल्या महिन्यातली ५० जुनी बिलं ॲपमधून पुन्हा काढायची, त्यांत निदान १० बिलं दोन-तीन टप्प्यांच्या लेसची, आणि रक्कम रुपयापर्यंत जुळली पाहिजे. टॅली ७५,०००: सलग सात दिवस संध्याकाळी सातला २० पार्ट्यांची उधारी ताडून पाहायची, आणि स्क्रीनवर ‘अमुक वाजेपर्यंतची’ असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. ई-इनव्हॉइस ६०,०००: खरी १५ बिलं, त्यातलं एक २४ तासांच्या आत रद्द, एकाची क्रेडिट नोट. गोदाम ४५,०००. शिकवणं आणि दोन आठवडे वही व ॲप समांतर, ४०,०००. शेवटचे २८,८०० तीस दिवस अडथळा न येता चालल्यावर. परीक्षा पास झाली की सात दिवसांत पैसे. तपासायला शेठना वेळ नसेल तर दुकानातला एक माणूस नावानिशी नेमलेला. नवा बदल आला की आधी तास आणि रक्कम व्हॉट्सॲपवर, ‘मंजूर’ असं उत्तर आल्यावरच हात लावायचा.

सुरुवातीलाच काय करायला हवं होतं, ते यातून निघतं. आठवडाभराचं पैसे घेऊन केलेलं पाहणीचं काम, ३५-४० हजारांचं: यादी तपासायची, टॅलीला एक ऑर्डर प्रत्यक्ष जोडून बघायची, जुनी बिलं हाताने काढायची. त्यानंतर स्क्रीन ठरलेल्या रकमेत, आणि टॅली, यादीसारख्या अंधाऱ्या भागाला तासाचा दर वरच्या मर्यादेसह. सगळं ठरलेल्या रकमेत द्या असं गिऱ्हाईक म्हणत असेल तर द्यावं, पण अंधाऱ्या भागाची वरची कड धरून, आणि तो आकडा महाग का आहे ते तोंडावर सांगून.

एक गोष्ट तोडग्याच्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षात आली नव्हती. कोड कंपनीच्या गिट खात्यात (कोड साठवायची जागा), सर्व्हरही कंपनीच्या नावावर. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि बाहेरच्या कंपनीकडून लिहून घेतलेल्या कोडचा हक्क नुसते पैसे मोजून गिऱ्हाइकाकडे येत नाही. लेखी, सहीनिशी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. तोडग्याच्या कागदावर ‘कायमस्वरूपी, जगभर, तुकड्याचे पैसे मिळताच त्या तुकड्यापुरतं’ असं लिहिलं, आणि सर्व्हर व गिट खातं शेठच्या ईमेलवर हलवलं.

पहिल्या तुकड्याच्या परीक्षेत ५०पैकी ४७ बिलं जुळली. दोन चुकली कारण टॅली बिलाच्या शेवटी एकदाच राउंड ऑफ करत होती आणि ॲप प्रत्येक ओळीला. दुरुस्तीला दोन तास लागले. तिसऱ्यात ॲप बरोबर होतं. जुनं बिल करताना दुकानातल्या पोराने घाईत चाळीस प्लस पाचच्या जागी हाताने ४५ टाकले होते. शेठनी ते बिल बाजूला काढलं, मग अकाउंटंटला हाक मारून त्याच पार्टीची मागच्या सहा महिन्यांची बिलं मागवली, आणि ८०,०००चा चेक लिहायला घेतला.